शेवटच्या डब्याचा दिवा

आमच्या घराच्या कुंपणाला लागून रेल्वेचं फाटक आहे. गाडी नाही, फाटक आहे. शेवटची गाडी कधी गेली यावर गावात एकमत नाही. ती आपण पाहिली असं सांगणारे लोक एकमेकांना खोटं पाडतात. रस्त्याच्या कडेलाच, रुळांच्या मधोमध, आता एक झाड उभं आहे. त्याच्या सावलीत कुत्री झोपतात आणि त्या कुत्र्यांना जपण्यासाठी रेल्वेने दोन लाल दिवे, एक घंटा आणि दोन्ही बाजूंना एकेक तांबडा-पांढरा दांडा चालू ठेवला आहे.

लाइन बंद करण्याचं काम एका खात्याचं आणि सिग्नल बंद करण्याचं दुसऱ्याचं. पहिल्या खात्याने आपलं काम केलं. दुसऱ्याला कुणी कळवलं नाही, आणि आपणहून विचारणं दोन्हीकडे कमीपणाचं समजतात.

सिग्नल कसा चालतो ते मला भावोजींनी अनेकदा समजावलं आहे. मला ते कितपत कळलं याची खात्री नाही. दोन्ही रुळांतून थोडी थोडी वीज वाहते म्हणे. गाडी आली की तिच्या लोखंडी चाकांमुळे दोन रूळ एकमेकांना जोडले जातात, आणि सिग्नलला समजतं की गाडी आली. त्याला एवढंच समजतं. त्यामुळे भंगारवाल्याच्या हातगाडीतली सळई रुळांवर आडवी पडली तरी त्याच्या दृष्टीने ती गाडीच. लगेच दिवे लुकलुकायला लागतात, घंटा सुरू होते, दांडा खाली येतो. हवा दमट असली तरी तेच, आणि कुठे तार तुटली तरी तेच. शंका आली की दांडा खाली, हे त्यामागचं तत्त्व. माझ्या स्वभावाचीही रचना साधारण अशीच असल्यामुळे मी त्या सिग्नलला कधी हसलो नाही.

दांडा रस्त्याच्या निम्म्यापर्यंतच येतो. उरलेला निम्मा रस्ता माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेला आहे. म्हणजे बाजूने कुणीही निघून जाऊ शकतं. पण आमच्या गावात कुणी जात नाही, कारण भावोजी.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान; मी त्यांच्याच घरी वरच्या खोलीत राहतो. सिग्नल खात्यातून निवृत्त झाले, पण सिग्नल त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. त्यांनी फाटक शिस्त मंडळ काढलं आणि स्वतःच अध्यक्ष झाले. मला सचिव केलं, कारण मी नाही म्हणायला वेळ लावतो. ते खिडकीत कर्णा घेऊन बसत. लाल दिवा असताना कुणी बाजूने गेलं की साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं जाहीर करत, "सायकलवर शिंपी. लाल असताना गेला. घाई कसली होती ते त्याच्या गिऱ्हाइकांनी विचारावं." शिंप्याला गिऱ्हाइकांनी खरंच विचारलं. असं थोडे दिवस चाललं आणि गाव सुधारलं. रिकाम्या रुळांसमोर माणसं शहाण्यासारखी थांबू लागली. गाडी येणार नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं, पण तसं पहिल्यांदा कुणी म्हणायचं?

ताई म्हणायची, "लग्नानंतर माझ्याकडे कधी एवढं टक लावून बघितलं नाही, जेवढं त्या दांड्याकडे बघतात."

घंटा तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या अगदी समोर. फोनवर बोलताना घंटा, जेवताना घंटा, दुपारी जरा पाठ टेकली की घंटा. शेवटी तिने रेल्वेच्या कचेरीत तक्रार केली. भावोजींना न सांगता नाही, त्यांच्यासमोर केली. फोनवर, आणि मागे घंटा वाजत असताना. पलीकडच्या माणसाने म्हणे विचारलं, "कुठल्या स्टेशनवरून बोलताय?"

तक्रारीवरून एक तरुण इंजिनिअर आला. त्याने झाडाकडे पाहिलं, कुत्र्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "येत्या गुरुवारी काढून टाकू."

भावोजी म्हणाले, "वाहतूक नाही हे कशावरून ठरवलंत?"

"रुळांतून झाड उगवलंय, आजोबा."

"झाड गाडीच्या आड आलं तर तोडता येतं. तो मुद्दा होऊ शकत नाही."

"हे बघा, वर्षभरात एक जरी गाडी गेली असती ना, तर मला याला हात लावता आला नसता. नियमच आहे. पण एकही गेलेली नाही."

नियमाचं नाव निघताच भावोजींनी मान तुकवली. इंजिनिअर गेल्यावर ताई चहाचे कप आवरता आवरता म्हणाली, "एक स्पष्ट सांगते. गुरुवारी ती घंटा गेली नाही, तर मी जाईन. लेकीकडे, रुळांपलीकडे. मग बसा दोघं टाळ्या वाजवत."

भावोजी माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत ना, ग्रंथपाल?"

मी वाचनालयात नोकरी केली, म्हणून ते मला असं म्हणतात. मी ऐकलं होतं. ताई उगीच बोलत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा ती एकदा म्हणाली होती की माझं पुस्तक विहिरीत टाकीन, आणि टाकलं होतं.

बुधवारी दुपारी भावोजींनी सिग्नलला निरोप द्यायचं ठरवलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून त्यांची दिव्यांची लाकडी खोली होती. जुने रॉकेलचे दिवे, लाल, हिरवे, पिवळे. प्रत्येकाची काच पुसलेली, वात कापलेली. ते सगळे त्यांनी एकदम पेटवले.

"भरदुपारी?" ताईने विचारलं.

"निरोपाला वेळ नसते."

दिवा कुठला कलंडला ते कळलं नाही. ताईच्या मते लाल. भावोजींच्या मते लाल कलंडूच शकत नाही. थोड्याच वेळात खोलीच्या फटींतून धूर येऊ लागला. भावोजी धावत आत गेले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक दिवा होता. खुंटीवरच्या झेंड्या त्यांनी काखेत मारल्या होत्या. ताईच्या लोणच्याच्या बरण्या आतच राहिल्या, आणि ही गोष्ट पुढे बराच काळ निघत राहिली.

अग्निशमन केंद्र रुळांच्या पलीकडे. बंब निघाल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. त्याआधी पलीकडून रंगारी आणि नळवाला एक लांब लोखंडी शिडी घेऊन मदतीला धावत निघाले होते. ओझं जड होतं. बरोबर रुळांपाशी आल्यावर त्यांनी खांदा बदलण्यासाठी शिडी खाली ठेवली. ती दोन्ही रुळांवर आडवी बसली. दिवे लुकलुकू लागले, घंटा सुरू झाली, दांडा खाली आला. आणि ते दोघे गुणी लोक शिडी तिथेच टाकून, शिकवल्याप्रमाणे मागे सरून, दांड्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

मागून बंब आला आणि तोही थांबला.

मी अलीकडे बादली घेऊन उभा होतो. मला शिडी दिसत होती. मी म्हणालो, "शिडी." माझा आवाज वाचनालयात घडलेला, शेजारच्या माणसालाही ऐकू गेला नाही. पुन्हा म्हणावं असं वाटलं. मग वाटलं, एवढी माणसं उभी आहेत, सगळ्यांना डोळे आहेत, त्यांना कारण दिसत नाही म्हणजे कारण दुसरंच असणार. मी बादली या हातातून त्या हातात घेतली.

"बाजूने या रे!" ताई ओरडली. "निम्मा रस्ता मोकळा आहे."

बंबाच्या चालकाने खिडकीतून डोकं काढलं. "काकू, मागे ते मांजर झाडावरून काढायला आलो होतो, तेव्हा बाजूनेच आलो. काकांनी कर्ण्यावर जाहीर केलं. होणारे सासरे समोरच्या दुकानात उभे होते. लग्न मोडता मोडता राहिलंय माझं."

"अरे, घर जळतंय."

"दिसतंय ना, काकू. पण लाल आहे."

बंबावरचे बाकीचे जवान मान हलवत होते. भावोजींच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होतं, ते मी पुस्तकांतही कुठे वाचलेलं नाही. मागे त्यांचं घर धुमसत होतं आणि समोर त्यांच्या आयुष्याचं काम फळाला आलेलं होतं. ते हळूच म्हणाले, "शाबास."

"काय म्हणालात?" ताईने विचारलं.

"काही नाही."

"अहो, त्यांना या म्हणा. तुमच्या तोंडून एकदा ऐकलं की येतील."

"लाल असताना या, असं मी म्हणू?"

"मग मीच म्हणते, आणि तुमच्या कर्ण्यावरून म्हणते."

"कर्णा आत आहे," भावोजी म्हणाले. आत म्हणजे आगीत.

धूर आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून यायला लागला होता. भावोजींनी दांड्याकडे पाहिलं, बंबाकडे पाहिलं, परत दांड्याकडे पाहिलं. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी काखेतली हिरवी झेंडी काढली आणि रुळांजवळ जाऊन उभे राहिले.

"लाल कुणाला असतो?" त्यांनी चालकाला विचारलं.

"रस्त्यावरच्या वाहनांना, काका."

"गाडीला असतो का?"

"नाही. गाडीसाठीच तर आपण थांबतो."

"मग आत्तापासून तुम्ही गाडी. स्पेशल. या पुढे."

ताई म्हणाली, "अहो, गाडी रुळांवरून जाते. रूळ ओलांडून नाही."

"दिशेबद्दल नियमात काही दिलेलं नाही."

बंब सुरू झाला, दांड्याला वळसा घालून निघाला. तो रुळांपाशी पोहोचणार तोच भावोजींनी हिरवी खाली करून लाल झेंडी वर केली. बंब थांबला.

"आता काय?" ताईचा आवाज फुटला होता.

"शेवटच्या डब्याला दिवा नाही."

प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्यावर लाल दिवा असावा लागतो. तो दिसला म्हणजे गाडी अख्खी गेली, मागे काही राहिलं नाही, हे सिग्नलवाल्याला कळतं. दिवा नसेल तर गाडी अर्धी समजतात. हे सगळं भावोजींनी जळत्या घराकडे पाठ करून चालकाला समजावलं. मग आगीतून वाचवलेला एकुलता एक दिवा त्यांनी स्वतः बंबाच्या मागे टांगला, काच शर्टाने पुसली आणि हिरवी झेंडी हलवली.

बंब शिडीवरून गेला. शिडी चपटी झाली आणि रुळाला जोडलेली एक तार तुटली. आग विझली. दिव्यांची खोली राख झाली, स्वयंपाकघराची भिंत काळी पडली, बरण्या फुटल्या. माझ्या वरच्या खोलीपर्यंत आग पोहोचली नव्हती; पण बंबवाल्यांनी खबरदारी म्हणून तिथेही पाणी मारलं. नंतर कित्येक दिवस माझी पुस्तकं अंगणातल्या दोरीवर वाळत होती. ज्यांना कधी वाचक मिळाले नव्हते, त्यांना निदान वारा मिळाला.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे इंजिनिअर माणसं आणि हत्यारं घेऊन आला. दांडा खालीच होता, घंटा वाजत होती.

भावोजी म्हणाले, "काढता येणार नाही. काल गाडी गेली."

"कुठली गाडी?"

"स्पेशल. लाल रंगाची. पाणी वाहून नेणारी."

इंजिनिअर हसला आणि जमलेल्या लोकांकडे वळला. कुणीच हसत नव्हतं. बंबाचा चालक पुढे झाला. त्याचा ऊर भरून आला होता. "मीच चालवली, साहेब." शिंपी म्हणाला, "मागचा दिवा मी स्वतः पाहिला." रंगारी म्हणाला, "माझी शिडी गेली गाडीखाली, अजून काय पुरावा पाहिजे?"

इंजिनिअरने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. माझा चष्मा पाहून माणसं अशी फसतात. "तुम्ही शिकलेले दिसता, आजोबा. तुम्हीच सांगा. गाडी गेली का?"

मी म्हणालो, "एका अर्थी..."

त्यापुढचं वाक्य मी मनात जुळवत होतो. चांगलं वाक्य होत होतं. तोवर त्याने "गेली" असं लिहून घेतलं.

ताईने माझ्याकडे जे पाहिलं, त्यापेक्षा पुस्तक विहिरीत टाकलेलं परवडलं.

पुढे कचेरीने कळवलं की वाहतूक चालू असल्यामुळे सिग्नल काढता येत नाही. तुटलेल्या तारेबद्दलही कळवलं: दांडा खाली आहे म्हणजे फाटक सुरक्षित आहे, तेव्हा दुरुस्तीची घाई नाही. म्हणजे आता दांडा कायमचा खाली आणि घंटा कायमची चालू. पहिल्याच आठवड्यात ती जरा दमली आणि बारीक आवाजात वाजू लागली, पण थांबली नाही.

आता रूळ ओलांडायचे तर एकच मार्ग उरला. गाडी व्हायचं. सकाळी कामाला जाणारे लोक दांड्यापुढे उभे राहू लागले. भावोजी खुर्ची टाकून झेंड्या घेऊन बसत, आणि एकेकाला सोडत. सुरुवातीला लोक लाजले; मग त्यांच्यात चढाओढ लागली. हातगाडीवाला भंगारवाला मालगाडी, हे कुणी न सांगता ठरलं. मुख्याध्यापक एक्सप्रेस झाले. ते कळल्यावर न्हाव्याने पॅसेंजर व्हायला साफ नकार दिला.

"माझं दुकान त्यांच्या शाळेच्या आधी उघडतं," तो म्हणाला. "मी का थांबायचं?"

"एक्सप्रेस मधल्या स्टेशनांवर थांबत नाही," भावोजी म्हणाले. "तुम्ही पानाच्या टपरीवर थांबता."

न्हाव्याने पान सोडलं. त्याची बायको भावोजींना दुवा देते. शिंप्याच्या आईने सांगून ठेवलं की तिला सुनेच्या मागून सोडायचं नाही. बाजूचा निम्मा रस्ता मोकळाच होता आणि सगळे त्यावरूनच जात होते. फक्त झेंडी मिळाल्यावर. रस्ता तोच आणि पाय तेच, पण गावात एवढा मान पूर्वी कुणाला मिळत नव्हता.

ताई लगेच गेली नाही. भिंतीला काजळी असताना स्वयंपाकघर सोडणं तिला पळून जाण्यासारखं वाटलं. भिंत रंगवून होईपर्यंत ती थांबली. याला वेळ लागला, कारण रंगाऱ्याकडे शिडी नव्हती. मधल्या काळात भावोजी तिच्याशी फार गोड वागत होते. घंटेवर त्यांनी घोंगडी बांधून पाहिली. एकदा भांडीही घासली. घंटा काढावी असं मात्र त्यांना सुचलं नाही. आणि तिने मागितलं होतं एवढंच.

रंग वाळला त्या सकाळी ताई ट्रंक घेऊन बाहेर आली. ट्रंकेची एक कडी तिच्या हातात, दुसरी माझ्या. माझ्या पाठीवर पुस्तकांची पिशवी होती. मला तिने ये म्हटलं नव्हतं आणि नको असंही म्हटलं नव्हतं. मी याचा अर्थ बराच वेळ लावत होतो, तेवढ्यात तिने ती कडी माझ्या हातात दिली होती.

रांगेतल्या लोकांनी आम्हाला वाट करून दिली. न्हावीसुद्धा मागे सरला.

भावोजी खुर्चीवरून उठले. त्यांनी ताईकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं. घसा साफ केला.

"कुठली गाडी?"

"मालगाडी," ताई म्हणाली. "इतकी वर्षं ओझंच वाहिलंय."

"परत यायची वेळ?"

"ही लाइन बंद आहे असं ऐकलंय मी."

भावोजींनी हिरवी झेंडी उचलली. आम्ही दांड्याला वळसा घातला. रुळांपाशी आलो, आणि मागून आवाज आला.

"थांबा."

ताई थांबली. मला वाटतं, तिलाही वाटलं असावं की आता ते बोलतील. माणूस इतक्या वर्षांत एकदा तरी बोलेल.

"शेवटच्या डब्याला दिवा नाही," भावोजी म्हणाले.

शेवटचा डबा मी होतो. ते घरात गेले, तो एकुलता एक दिवा घेऊन आले. तिथेच उकिडवे बसून त्यांनी वात वर केली, दिवा पेटवला, काच शर्टाने पुसली. एकदा पुसून झाल्यावर पुन्हा पुसली. मग तो माझ्या पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्याला अडकवला.

"ग्रंथपाल," ते माझ्या कानाशी म्हणाले, "दिवा दिसेनासा होईपर्यंत मला इथे उभं राहावं लागतं. नियम आहे."

"हो," मी म्हणालो.

झेंडी हलली असावी, कारण ताई चालू लागली. आम्ही झाडाखालून गेलो. कुत्री उठली नाहीत. रूळ ओलांडून पलीकडचा रस्ता लागला, तो अग्निशमन केंद्रापर्यंत सरळ जातो. घंटा मागे पडत गेली. ताई पुढे बघतच म्हणाली, "बघ रे, उभे आहेत का?"

मी थबकलो. मागे वळलो असतो तर पाठीवरचा दिवा त्यांच्या नजरेआड झाला असता, आणि तिकडून पाहणाऱ्याला वाटलं असतं की गाडी गेली, संपलं. म्हणून मी वळलो नाही.

"असावेत," मी म्हणालो.

"असावेत काय? एकदा तरी धड बोल. आहेत की नाहीत?"

"आहेत," मी म्हणालो.

"उभे राहू देत," ताई म्हणाली, आणि तिने ट्रंकेची कडी दुसऱ्या हातात घेतली. रस्ता सरळ होता आणि वळेपर्यंत दिवा लांबून दिसतो. म्हणून असेल कदाचित, पण वाटेत पहिलं वळण आलं ते तिने घेतलं नाही. लेकीचं घर त्याच वळणावर होतं.